जाहीर झाले, पण कोणाला?

सरकारने नियम करावा, तो राजपत्रात प्रसिद्ध करावा, संकेतस्थळावर चढवावा आणि आपले कर्तव्य येथे संपले असे समजून स्वस्थ बसावे. आणि ज्याच्यासाठी तो नियम केला त्या माणसाने मात्र मुदत टळून गेल्यावर कचेरीच्या खिडकीशी तो प्रथम ऐकावा, ही आपल्याकडे नित्याची रीत होऊन बसली आहे. ‘ते तर केव्हाच जाहीर झाले आहे,’ हे खिडकीपलीकडचे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा गृहस्थ वर्धा जिल्ह्यात शोधूनही सापडणे कठीण. जाहीर झाले हे खरे. पण कोणाला झाले? हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटेल. वस्तुतः राज्य आणि नागरिक यांच्यातील विश्वासाचा तो प्रश्न आहे, आणि म्हणूनच आज आम्ही तो पहिल्या पानावर मांडीत आहोत.

उदाहरण कापसाचेच घेऊ. वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाटच्या कापसाचे नाव एकेकाळी इंग्लंडच्या बाजारातही घेतले जात असे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये हमीभाव ठरविला. परंतु त्या भावाने भारतीय कापूस महामंडळाला कापूस द्यावयाचा तर शेतकऱ्याने ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर आधी आपली नोंदणी करावी, असा नवा दंडक त्याच हंगामात घालण्यात आला. नोंदणीस १ सप्टेंबर २०२५ पासून प्रारंभ झाला. सप्टेंबरात आमचा शेतकरी फवारणीत आणि निंदणात गुंतलेला असतो; कापूस घरात यावयास अजून महिना-दीड महिना अवकाश असतो. त्या दिवसांत त्याने मोबाइल हातात घेऊन आधार, बँकेचे खाते आणि सातबारावरील पेऱ्याची नोंद यांची जुळवाजुळव करावी, अशी अपेक्षा होती. ती कितपत पुरी झाली हे सांगावयास दुसरा पुरावा नको. नोंदणीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत गेली, हाच तो पुरावा.

आता याच सुमाराची दुसरी एक अधिसूचना पाहा. परदेशातून येणाऱ्या कापसावरील ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ करण्यात आले. आणि ती माफी आरंभी ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती महिना उलटण्यापूर्वीच वर्षअखेरीपर्यंत लांबविण्यात आली. ही वार्ता ज्यांना कळावयाची त्यांना त्याच दिवशी कळली. गिरणीवाल्यांना कळली, आयातदारांना कळली, दलालांना कळली. तिच्यासाठी कोणाला रांगेत उभे राहावे लागले नाही की सेतू केंद्रात खेटे घालावे लागले नाहीत. एकाच सरकारच्या, एकाच पिकाविषयीच्या दोन अधिसूचना. एक वाऱ्याच्या वेगाने पोहोचते आणि दुसरी बैलगाडीच्या गतीने. कारण उघड आहे. ज्यांच्यापाशी बातमी आणणारी माणसे आहेत त्यांच्याकडे नियम स्वतः चालत जातो. ज्यांच्यापाशी ती नाहीत त्यांनी नियमाच्या शोधात हिंडावयाचे असते.

नोंदणीचा नियम मुळातच वाईट होता, असे आम्ही म्हणत नाही. शेतकऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याने आपला माल खपवू नये, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देण्याची योजना आणि कृषी योजनांच्या लाभासाठी १५ एप्रिल २०२५ पासून तो क्रमांक आवश्यक करण्याचा राज्य सरकारचा निर्णय, यांमागेही काही विचार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नियम जितका नवा, जितका अनोळखी, तितके तो सांगण्याचे दायित्व मोठे. येथे मात्र सर्व उलटे घडते. नियम करण्यावर महिनोगणती खल होतो, तो सांगण्यावर एक दिवसही खर्च होत नाही.

शहरातील वाचकांनी हे दुखणे खेड्यातले म्हणून बाजूस सारू नये. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदविलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविण्याचा जो आदेश निघाला, त्याची पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ही होती. ती एप्रिलअखेर गेली, जूनअखेर गेली, ऑगस्टच्या मध्यावर गेली आणि तेथूनही पुढे गेली. ‘एमएच ३२’ अशी अक्षरे मिरवीत वर्ध्याच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या दुचाकींच्या कित्येक मालकांना पट्टीची मागणी कोठे नोंदवावयाची, ती कोणत्या केंद्रावर बसवून मिळेल आणि न बसविल्यास दंड किती, हे एकमेकांना विचारूनच कळले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ रोजी निघाला. अर्ज १ जुलैपासून १५ जुलैपर्यंत करावयाचे होते. त्या पंधरवड्यासाठी अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला मिळविण्याकरिता राज्यभर तहसील कचेऱ्यांसमोर बायाबापड्यांची जी झुंबड उडाली ती विसरण्याजोगी नाही. आणि ही झुंबड उडालेली असतानाच, आठवडाही लोटण्यापूर्वी, सरकारने अटी बदलल्या. अधिवास प्रमाणपत्राऐवजी पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला वा जन्माचा दाखला चालेल. पाच एकरांची अट नाही. वयोमर्यादा ६० ऐवजी ६५. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत. अटी सैल झाल्या हे उत्तमच झाले. परंतु ज्या बाईने दोन दिवसांची मजुरी बुडवून तो दाखला आधीच काढला होता, तिची मजुरी कोणी भरून दिली? पुढल्या वर्षी त्याच योजनेत ओळख पडताळणीचा नियम १८ सप्टेंबर २०२५ रोजी आला, त्यात पती वा पित्याचा आधार क्रमांक मागितला गेला, आणि ज्यांना पती नाही व पिताही नाही त्यांनी काय करावे हे सुचण्यास पुन्हा मुदतवाढीचा अवधी लागला.

या सर्व कथांचा शेवट एकच आहे: मुदतवाढ. सरकार मुदतवाढ ही आपली उदारता म्हणून जाहीर करते. आमच्या मते मुदतवाढ हा कबुलीजबाब आहे. पहिली सूचना लोकांपर्यंत पोहोचली नाही, हे सरकारने स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी मान्य केलेले असते. आणि हा कबुलीजबाबही निरुपद्रवी नाही. ज्याने पहिल्याच दिवशी आज्ञा पाळली तो रांगेत ताटकळला, त्याची रजा गेली, त्याचे पैसे गेले. ज्याने दुर्लक्ष केले त्याला घरबसल्या सवलत मिळाली. असे दोनदा-चारदा घडले की शहाणा माणूस सरकारच्या तारखेवर विश्वास ठेवीनासा होतो. ‘वाढेल हो पुन्हा तारीख,’ हे उद्गार आज चहाच्या टपरीपासून वकिलांच्या खोलीपर्यंत ऐकू येतात. मग एखाद्या वेळी तारीख खरोखरच वाढत नाही आणि नेमका तो गाफील राहिलेला गरीब माणूस कायमचा मुकतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती सरकारलाही सांगण्याची वेळ आली आहे.

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे तत्त्व सर्वांना ठाऊक आहे. समाज चालावयाचा तर ते आवश्यकही आहे. अन्यथा प्रत्येक गुन्हेगार ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटेल. १९६२ सालचे एक प्रकरण यासंबंधी नेहमी सांगितले जाते. झुरिकहून मनिलाकडे निघालेल्या एका परदेशी प्रवाशाच्या अंगावर मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोने सापडले. भारतातून केवळ पुढे जाणाऱ्या सोन्याला पूर्वी जी मोकळीक होती ती रिझर्व्ह बँकेच्या नव्या अधिसूचनेने आवळली होती. ती अधिसूचना राजपत्रात २४ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाली आणि हा प्रवासी २८ नोव्हेंबरला उतरला. अवघे चार दिवस! मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले; परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बहुमताने त्याला दोषी ठरविले, आणि राजपत्रातील प्रसिद्धी पुरेशी मानली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तेव्हा वेगळे मत नोंदविले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण याच तत्त्वाची दुसरी बाजू आहे, आणि तिचे नाते आमच्या विदर्भाशी आहे. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली ठराव करून एक अफू कायदा केला. पण तो कोठे छापला नाही, कोणाला सांगितला नाही. त्या कायद्याखाली एका माणसास पुढे ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ साली न्यायालयाने तो दंड रद्द केला. आणि जो कायदा लोकांना कळण्याची सोयच केली नाही तो कायदा त्यांच्यावर लादणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असा निर्वाळा दिला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे दिल्लीस जाण्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पन्नास रुपयांच्या दंडासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने एवढा विचार करावा, यातच त्या तत्त्वाचे मोल दिसून येते. १९८७ साली बंगळूरच्या नगररचनेसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार पुढे नेला. संसदेत वा विधिमंडळात होणाऱ्या कायद्यावर उघड चर्चा तरी होते. परंतु त्याखालील नियम आणि आदेश मंत्र्यांच्या व सचिवांच्या दालनांत गाजावाजा न होता तयार होतात, म्हणून त्यांना प्रसिद्धीची गरज अधिक, असे न्यायालयाने म्हटले. आज सामान्य माणसाचे बरेवाईट कायद्यापेक्षा या नियमांनी, शासन निर्णयांनी आणि परिपत्रकांनीच अधिक होते, हे कोण नाकारील?

तेव्हा हिशेब सरळ आहे. ‘तुला नियम ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो,’ असे राज्य नागरिकाला म्हणते. तर मग ‘तो मला सांगणे हे तुझे कर्तव्य आहे,’ असे नागरिकाने राज्याला म्हणावयास हवे. पहिल्या गृहीतकाचा लाभ घ्यावयाचा आणि दुसरे कर्तव्य टाळावयाचे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. राजपत्राचे काय? भारताचे राजपत्र २०१५ पासून कागदावर छापणेच बंद झाले. ते आता केवळ संकेतस्थळावर प्रकट होते. पूर्वी ते निदान जिल्ह्याच्या ग्रंथालयात धूळ खात पडलेले तरी दिसे. रोमचा सम्राट कॅलिग्युला याने नवे कर बसविले, ते लोकांना सांगितले नाहीत, आणि लोकांनी फारच ओरड केली तेव्हा ते अगदी बारीक अक्षरांत आणि अशा अडचणीच्या जागी लावले की कोणाला उतरून घेता येऊ नयेत, असे इतिहासकार स्वेटोनियस सांगतो. आपले राज्यकर्ते कॅलिग्युला नाहीत आणि त्यांचा हेतू तसा दुष्ट नाही. परंतु वर्षाकाठी निघणाऱ्या हजारो कागदांच्या ढिगात आकडी संकेतांकाखाली ठेवलेला निर्णय आणि अडचणीच्या जागी बारीक अक्षरांत लावलेला निर्णय, यांत वाचणाराच्या दृष्टीने फरक तो किती?

याउलट आपल्याच देशातला दाखला पाहा. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा खडकांवर कोरविल्या, आणि त्या लोकांच्या प्राकृत बोलीत कोरविल्या. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. ओरिसातील धौली आणि जौगड येथील लेखांत त्याने अधिकाऱ्यांना बजावले आहे की, हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, मधल्या काळातही प्रसंगाप्रसंगाने वाचावा, आणि ऐकणारा एकटाच असला तरी त्याला ऐकवावा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाला जे कळले होते ते हेच की, कोरणे वेगळे आणि ऐकविणे वेगळे.

आपल्या गावांतून ऐकविण्याची ही व्यवस्था कालपरवापर्यंत जिवंत होती. कोतवाल डफ वाजवीत गावभर फिरे. चावडीवर कागद लागे. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारी वाचून दाखवी. दवंडी ऐकली नाही अशी सबब सांगण्यास जागाच उरत नसे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या १५० व्या कलमात तिचा अंश आजही आहे: तलाठ्याने फेरफाराची नोंद केली की तिची संपूर्ण प्रत त्याच वेळी चावडीत ठळक जागी लावावी आणि संबंधितांना लेखी कळवावे. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. भावाभावांच्या वाटणीत, विधवेच्या वारसाहक्कात, परगावी गेलेल्या मुलाच्या हिश्शात या पंधरा दिवसांचे महत्त्व काय आहे हे शेती असलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. आता ‘आपली चावडी’ या नावाचे संकेतस्थळ निघाले आहे. मुंबई-पुण्यास नोकरी करणाऱ्याला तेथे आपल्या गावचा फेरफार पाहता येतो, ही सोय मोठीच आहे आणि तिचे श्रेय आम्ही सरकारला देतो. परंतु नव्या चावडीने जुन्या चावडीची जागा घ्यावी असे कायद्याने म्हटलेले नाही. तिच्या जोडीला ही असावी, तिच्याऐवजी नव्हे. चावडीचे नाव घेतले आणि चावडीवरची माणसे सोडली, तर मागे उरते ती नुसती पाटी.

कायदा याबाबत मुका आहे असेही नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा उपयोग आपण बहुधा अर्ज करून माहिती मागण्यापुरता करतो. त्याचे चौथे कलम त्याहून महत्त्वाचे आहे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असे ते बजावते. ही माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा, असेही ते सांगते. आणि साधने कोणती तर सूचनाफलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे, इंटरनेट, अशी त्यांची यादीच देते. भूसंपादनाचा २०१३ सालचा कायदा आणखी पुढे गेला. प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत आणि जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी व तहसीलदार यांच्या कचेऱ्यांत स्थानिक भाषेत, संकेतस्थळावर, आणि प्रत्यक्ष बाधित भागात, अशी सर्वत्र प्रसिद्ध झाली पाहिजे. हरकतीस साठ दिवस मिळाले पाहिजेत. ज्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि ज्या जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग योजला गेला, त्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला ‘अधिसूचना’ या शब्दाचे वजन समजावून सांगावयास नको. गट क्रमांकांच्या लांबलचक यादीत आपल्या बापाचा तुकडा आहे की नाही, हे त्याला वेळेवर कळणे ही केवळ सोय नाही. ते त्याचे संरक्षण आहे. जमिनीसाठी जे संरक्षण कायद्याने मान्य केले तेच हमीभावासाठी, पेन्शनसाठी, शिधापत्रिकेसाठी का असू नये?

भाषेविषयी थोडे लिहिणे भाग आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला. २०२१ सालच्या दुरुस्तीने स्थानिक प्राधिकरणांवरही मराठीचे बंधन आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. अभिमानाच्या या सर्व गोष्टी आहेत. परंतु शासन निर्णयातील मराठी वाचून अभिमानापेक्षा धाप अधिक लागते. ‘उपरोक्त संदर्भीय क्रमांक तीन येथील निर्णय अधिक्रमित करून’ अशा थाटाने आरंभ झालेले वाक्य अर्ध्या पानावर संपते, आणि तेथे पोहोचेपर्यंत कर्ता कोण आणि कर्म कोणते याचे भान राहत नाही. कागदाच्या शिरोभागी ‘वाचा’ असा शब्द आणि त्याखाली जुन्या दहा निर्णयांचे क्रमांक. ते दहा मिळवून वाचल्याखेरीज अकराव्याचा अर्थ लागत नाही, आणि मिळविण्याची विद्या गावात एखाद्यासच साधलेली असते. पारिभाषिक शब्दांना आमचा विरोध नाही. कायद्याला नेमके शब्द लागतात. शिवरायांच्या दरबारातही राज्यव्यवहारकोश तयार झाला होता. परंतु तो कोश फारसी शब्दांच्या जागी लोकांना आपले शब्द देण्यासाठी होता. इंग्रजी गेली आणि तिच्या जागी तितकीच अगम्य मराठी आली, तर भाषांतर झाले. सत्तांतर झाले नाही.

यावर सरकारी उत्तर काय असते ते आम्ही जाणतो. एवढी माणसे कोठून आणावयाची, एवढा पैसा कोठला, आणि प्रत्येक कागदाची दवंडी पिटावयाची झाली तर कारभार कसा चालावयाचा? पैकी पहिल्या दोन सबबी टिकणाऱ्या नाहीत. निवडणूक आली की मतदाराच्या दारात चिठ्ठी येते. पोलिओचा डोस पाजावयाचा असला की आशाताई घरोघर जातात आणि पाजलेल्या बालकाच्या बोटाला शाई लावतात. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत, बारा वाजता, देश थांबला. ती वार्ता कळली नाही असे खेडे उरले नाही. (ती पाळण्यास चार तास पुरे होते काय, हा निराळा आणि अधिक दुःखद प्रश्न आहे.) म्हणजे सरकारला पोहोचावयाचे असते तेव्हा ते पोहोचते. हात आहेत, पाय आहेत, आवाज आहे. उणीव आहे ती इच्छेची.

तिसऱ्या सबबीत मात्र तथ्य आहे. प्रत्येक परिपत्रक गावभर ओरडून सांगता येणार नाही, आणि तशी मागणीही नाही. आमची मागणी मर्यादित आहे. ज्या नियमाने एखाद्या नागरिकाला ठरावीक मुदतीत काही करावे लागते, आणि न केल्यास त्याचा पैसा, जमीन वा हक्क जातो, तेवढेच नियम वेगळे काढावेत. त्यांच्यापुरती मुदत राजपत्राच्या तारखेपासून मोजू नये, गावात सूचना लागल्याच्या आणि दवंडी झाल्याच्या तारखेपासून मोजावी. सूचना कोणत्या दिवशी लागली याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत दोन ग्रामस्थांच्या सहीने व्हावी. अशा प्रत्येक निर्णयाच्या पहिल्या पानावर साध्या मराठीत एवढेच असावे: हा नियम कोणाला लागू, काय करावयाचे, केव्हापर्यंत, कोणते कागद लागतील, कोठे जावयाचे, न केल्यास काय होईल आणि दाद कोणाकडे मागावी. नियमात बदल झाला तर केवळ बदललेली ओळ न देता सबंध नियम पुन्हा द्यावा. ज्याला ॲप चालविता येत नाही त्याच्यासाठी कागदी अर्जाची वाट मोकळी असावी. मुदत वाढवावयाची असेल तर ती संपण्याच्या आठ दिवस आधी वाढवावी, आदल्या रात्री नव्हे. आणि ग्रामसभा, जी वर्षातून किमान चार वेळा भरलीच पाहिजे, तिच्या विषयपत्रिकेवर नव्या नियमांचे वाचन हा कायमचा पहिला विषय असावा. शहरांत नगरपालिकेच्या घंटागाड्या रोज सकाळी गल्लोगल्ली गाणी वाजवीत फिरतात. आठवड्यातून एक दिवस त्यांनी सूचना ऐकविल्या तर कचऱ्याबरोबर बरेचसे अज्ञानही गोळा होईल.

यांतील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमाचा आधार आहेच. वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी या तीन उपविभागांतील आठही तालुक्यांत हा प्रघात पाडण्यासाठी जिल्हा प्रशासनाला मंत्रालयाच्या आदेशाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. वर्धा जिल्ह्याने यापूर्वी अनेक गोष्टींत देशाला वाट दाखविली आहे. १९३७ साली नयी तालीमचा विचार येथे मांडला गेला. आणि या विषयाला तर एक अगदी नेमका दाखला येथीलच आहे. गांधीजी ज्या गावी राहावयास गेले ते सेगाव. शेगाव या नावाशी साम्य असल्याने त्यांचा टपाल-व्यवहार चुकू लागला. तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यावी, असा उपदेश करीत कोणी बसले नाही. १९४० साली गावाचेच नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले आणि पत्रे नीट पोहोचू लागली. निरोप पोहोचत नसेल तर दोष घेणाऱ्याचा न मानता व्यवस्था सुधारावी, एवढे साधे शहाणपण त्यात होते.

आमच्या सुशिक्षित वाचकांनाही एक विनंती आहे. आपणांस नियम वाचता येतो, संकेतस्थळ उघडता येते, अडले तर ओळखीचा अधिकारी सापडतो. म्हणून या अव्यवस्थेची झळ आपणांस कमी लागते, आणि झळ कमी लागते म्हणून आपण गप्प राहतो. आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई, आपला भाजीवाला, गावाकडचे आपले भाऊबंद यांना नव्या नियमाचा कागद वाचून दाखविणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते अवश्य करावे. परंतु तेवढे करून थांबू नये. मोहल्ल्याच्या सभेत, पालिकेत, ग्रामसभेत आणि आमदार-खासदारांच्या भेटीत एकच प्रश्न विचारावा: हा नियम आमच्या भागात कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणत्या भाषेत सांगितला गेला? उत्तर लेखी मागावे. हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला तरच तो टाळणे कठीण होईल.

लोकशाहीत नियम हा राज्यकर्त्यांनी प्रजेला घातलेला दंडक नसतो. लोकांनी आपल्या प्रतिनिधींमार्फत स्वतःस घालून घेतलेली ती शिस्त असते. जी शिस्त आपणच घालून घेतली ती आपल्यालाच ठाऊक नसावी, ही लोकशाहीची थट्टा आहे. पुढचा हंगाम येईल, नवे नियम येतील, नव्या मुदती पडतील. त्या वेळी समुद्रपूरच्या शेतकऱ्याने वा वर्ध्याच्या निवृत्त शिक्षकाने खिडकीशी उभे राहून ‘मला हे कोणी सांगितले नाही’ असे म्हटले, तर ‘केव्हाच जाहीर झाले’ हे उत्तर यापुढे पुरेसे मानता कामा नये. केव्हा, कोठे आणि कोणासमोर, हे सांगण्याची जबाबदारी खिडकीपलीकडच्या माणसाची आहे. ते त्याला सांगता येत नसेल, तर त्या नियमापायी खिडकीअलीकडच्या माणसाचा एक पैसाही जाता कामा नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.